बॅरलातली भट्टी

साताऱ्याहून कऱ्हाडकडे आणि पुढे पेठ नाक्याकडे जाताना कितीतरी ढाब्यांच्या मागच्या अंगाला मातीची भट्टी दिसते. हाच तंदूर, आणि तो बसवलेला असतो पत्र्याच्या बॅरलात. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये १९४७ साली मोतीमहल हे हॉटेल सुरू झालं. तंदुरी कोंबडी गाजली ती तिथून, आणि पुढे ती महामार्गांवरच्या ढाब्यांपर्यंत पोचली. पण गिऱ्हाइकाला रोटी दिसते, भट्टी दिसत नाही. ती बनते कशी, हे मी वाळवा तालुक्यातल्या एका नातेवाइकांच्या अंगणात पहिल्यापासून पाहिलं. त्यांना एकाच भट्टीत दोन कामं हवी होती: कडक आचेवर रोटी, आणि झाकण लावून मंद धुरावर मांस.

सुरुवात बॅरलपासून. नेहमीचं बॅरल दोनशे लिटरचं, उंची सुमारे ८८ सेंटीमीटर, व्यास ५७ च्या आसपास, पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. भंगारवाल्याकडे ढीग असतो, पण त्यात पूर्वी काय भरलं होतं ते कळलं नाही तर बॅरल घेऊच नये. औषधांचं, रंगाचं, थिनरचं तर फुकट मिळालं तरी नको. आंब्याच्या रसाची बॅरलं सगळ्यांत चांगली. त्यांत रस बंद पिशवीत असतो, पत्र्याला लागतच नाही. खाद्यतेलाचंही चालतं. मात्र तेलाच्या किंवा सॉल्व्हंटच्या रिकाम्या बॅरलात वाफ उरलेली असते आणि कटरची एक ठिणगी तिला पुरते. म्हणून आमच्या वेल्डिंगवाल्यानं बॅरल आधी धुतलं, मग पाण्यानं भरलं आणि पाण्याच्या पातळीच्या जरासं वर कापून झाकण काढलं. हे बघायला संथ वाटतं, पण या कामातली सगळ्यांत शहाणी गोष्ट हीच.

हा कारागीर एरवी हळद शिजवायचे भोकांचे ड्रम करतो. त्यामुळे निखाऱ्यांची जाळी त्यानं हातासरशी केली. त्याच्याकडे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा पडून होता, तो मात्र त्यानं बाजूला सारला. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं, निखाऱ्यावर त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. जाळी साध्या लोखंडाचीच हवी. मग बॅरलात लाकडं पेटवून आतला लेप आणि बाहेरचा रंग पार राख होईपर्यंत जाळला, तारेच्या ब्रशनं घासला आणि पत्र्याला शेंगदाण्याच्या तेलाचा हात देऊन पुन्हा तापवला. तेल पत्र्यावर काळं, कडक बसतं आणि गंज लवकर धरत नाही.

बॅरलच्या तळाशी एका बाजूला वीतभर रुंदीची खिडकी कापली आणि तिला सरकती झडप बसवली. माझ्या मते भट्टी म्हणजे ही झडप. बाकी सगळं तिच्या भोवतीचं बांधकाम. गुऱ्हाळावर ज्यानं चुलवाणात चिपाडं सारली आहेत, त्याला हे सांगावं लागत नाही. तिथं जाळ वाढवायचा तर नुसतं चिपाड कोंबून भागत नाही. वारा कुठून आत येतो आणि धुराड्यातून किती ओढला जातो, यावर काहिलीतल्या रसाची उकळी ठरते. बॅरलात तोच हिशोब लहान झाला. झडप पूर्ण उघडी आणि तोंड मोकळं ठेवलं तर मातीची भिंत ४०० अंशांच्या वर जाते, रोटी दीड-दोन मिनिटांत फुगून सुटते. झडप बोटभर ठेवून वर झाकण लावलं, झाकणाला रुपयाएवढी दोन भोकं ठेवली, की त्याच कोळशावर आतली हवा ११० ते १३० अंशांवर तासन्‌तास टिकते. जास्त कोळसा घातला म्हणजे भट्टी तापते, असं समजणारा माणूस रोटीही करपवतो आणि मांसही.

मातीचं काम कुंभाराचं. कृष्णाकाठची काळी जमीन उसाला सोन्यासारखी, पण भट्टीला नुसती काळी माती चालत नाही. ओली झाली की ती फुगते, वाळली की आवळते आणि भेगाळते. त्यामुळे नदीचा गाळ, बारीक वाळू, चाळलेली राख आणि घोड्याची लीद असा काला मळला गेला. वर कातरलेली मेंढीची लोकर. माणदेशातल्या धनगरांच्या कळपांमुळे ती या बाजूला सहज मिळते, आणि वाळताना मातीला धरून ठेवायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. कुंभारानं वेटोळ्यावर वेटोळं चढवत बुडाविना रांजण उभा केला: पोट रुंद, तोंड अरुंद, भिंत दोन बोटं जाड. एकेक थर आंबटओला झाला की वरचा. मी मध्येच विचारलं, उन्हात ठेवला तर लवकर वाळेल ना? "पाव्हणं, उन्हात वरनं वाळतंय, आतनं ओलंच ऱ्हातंय. मग जाळ लागला की फुटतंय," तो म्हणाला. रांजण सावलीत, गोणपाटाखाली वाळला.

बॅरलच्या तळाशी विटांचं कडं करून त्यावर रांजण बसवला, बॅरलच्या खिडकीसमोर रांजणाची खिडकी आणून. रांजण आणि पत्रा यांच्यामध्ये चार-पाच सेंटीमीटरची पोकळी उरते. काही जण ती वाळूनं भरतात. वाळू उष्णता धरते खरी, पण भट्टी उचलेनाशी जड होते आणि पत्राही तापतो. शिराळा-पाटणकडे भात पिकतो, तिथल्या तुसाची राख हलकी असते आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. इथं तीच ठासून भरली, फक्त तळाशी विटांचे तुकडे. वरचं तोंड माती-राखेनं लिंपून बंद केलं. पेटत्या भट्टीच्या पत्र्यापासून लहान मुलं जरा कमी धोक्यात असतात, एवढ्यासाठीसुद्धा मी राखेच्या बाजूचा आहे.

मग भट्टी पाजळणं. पहिला जाळ शेणींचा, तोही हाताला सोसेल इतका. भिंतीतलं पाणी वाफ होऊन सावकाश निघायला हवं. घाईनं तापवलं तर तीच वाफ मातीची खपली उडवते. थंड होऊ द्यायचं, दुसऱ्या दिवशी थोडा मोठा जाळ. केसाएवढ्या भेगा दिसल्या त्या पातळ चिखलानं बुजवल्या. शेवटी गूळ, मीठ आणि तेल कालवून आतून फडक्यानं पुसून घेतलं, म्हणजे पहिल्या रोटीला माती लागत नाही.

धुरासाठी लाकूड कोणतं, यावर अंगणात सगळ्यांत जास्त चर्चा झाली. कोळसा बाभळीचा, याबद्दल दुमत नव्हतं. तासगाव पट्ट्यात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात, आणि जगात द्राक्षवेलीच्या धुराला मान आहे. तरी फवारणी झालेल्या बागेतल्या काड्या मी अन्नाखाली जाळणार नाही. पेरू, आंबा, जांभूळ यांची वाळलेली फांदी पुष्कळ. लाकडातलं लिग्निन तापून फुटतं तेव्हा ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्यं निघतात. धुराचा तो ओळखीचा गंध त्यांचा. पांढरा, दाट धूर येत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा वारा कमी पडतोय, आणि मांस कडवट होणार. धूर विरळ, निळसर झाला की मगच मांसाचे आकडे लावायचे.

कोंबडी सबंध, आडव्या सळईवरून आकड्याला टांगलेली. चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकते, तिची वाफ उठून पुन्हा मांसाला लागते. तंदुरी चवीतला मोठा वाटा हाच, मसाल्याचा नंतरचा. झाकण सारखं उघडलं तर वारा शिरतो, चरबी पेटते आणि कातडी काळी होते. मांडीच्या आत ७४ अंश झाले की काढायची. कृष्णाकाठची वांगी खाली जाळीच्या कडेला ठेवली होती, त्यांचं भरीत मला कोंबडीपेक्षा सरस वाटलं.

रोटीसाठी घरात खपली गहू होता. मैद्याइतका तो ताणला जात नाही, पण पीठ घट्ट मळून तासभर झाकून ठेवलं तर भिंतीला धरतो. ज्वारीची भाकरी मात्र भट्टीत जमत नाही. तिच्यात ग्लुटेन नसतं, उभ्या भिंतीवरून ती घसरून निखाऱ्यात पडते. तिला तवाच हवा.

अशी भट्टी बंद शेडमध्ये कधीच पेटवू नये. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही. वर पत्र्याचं छप्पर असावं, चारी बाजू मोकळ्या. पाऊस संपला की पहिल्याच दिवशी मोठा जाळ करायचा नाही. मातीनं ओल धरलेली असते, तेव्हा पुन्हा शेणींपासून सुरुवात.