सामूच्या आकड्यामागचे गणित

एखादे द्रावण आम्लधर्मी आहे की नाही, हे लिटमस कागदाच्या रंगावरून कळते. परंतु ते किती आम्लधर्मी आहे, हे सांगायचे झाल्यास त्यातील हायड्रोजन आयनांची संहती, म्हणजे १ लिटर द्रावणात ते किती मोल आहेत, हे काढावे लागते. मोल हे कणांच्या संख्येचे एकक असून हायड्रोजन आयनांचा १ मोल वजनाने जेमतेम १ ग्रॅम भरतो. विद्युतभार असलेल्या अणूला किंवा अणुगटाला आयन म्हणतात आणि हायड्रोजनच्या अणूने आपला एकुलता एक इलेक्ट्रॉन गमावला की धनभारित हायड्रोजन आयन उरतो. पाण्यात तो सुटा राहत नाही, पाण्याच्या रेणूला चिकटूनच वावरतो. तथापि हिशेबाच्या सोयीसाठी त्याला हायड्रोजन आयन म्हणण्याचीच रीत आहे.

क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विरुद्ध भारांच्या आयनांत विचरण होते, म्हणजे ते आयनांत विभागले जातात, ही कल्पना स्वीडनमधील स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये आपल्या प्रबंधात मांडली. उप्सालाच्या परीक्षकांना ती फारशी पटली नाही आणि प्रबंध कसाबसा उत्तीर्ण झाला, परंतु याच सिद्धांतासाठी १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाण्यात हायड्रोजन आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देणारा पदार्थ म्हणजे आम्लारी, ही शालेय पुस्तकांतील व्याख्या त्यांच्याच विचारातून आलेली आहे.

शुद्ध पाण्याचेही किंचित विचरण होत असते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला १ लिटर पाण्यात हायड्रोजन आयन अवघे ०.००००००१ मोल असतात आणि हायड्रॉक्साइड आयनही तेवढेच असतात. पाण्याच्या सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एकाचेच विचरण झालेले असते, असा याचा अर्थ होतो. या दोन आयनांच्या संहतींचा गुणाकार ठरावीक तापमानाला स्थिर राहतो आणि २५ अंशांना तो १० चा उणे १४ वा घात असतो. त्यामुळे आम्ल घालून हायड्रोजन आयन दहापट केले, तर हायड्रॉक्साइड आयन आपोआप एक दशांशावर येतात, आणि दोहोंपैकी एकाची संहती माहीत असली की दुसरीची भागाकाराने मिळते.

पुढचे पाऊल एका मद्य कारखान्याच्या प्रयोगशाळेत पडले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांचा, म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रियांना गती देणाऱ्या प्रथिनांचा, अभ्यास करताना सोरेन सोरेन्सन यांना दिसले की विकरांचे कार्य द्रावणातील हायड्रोजन आयनांच्या संहतीवर अवलंबून असते. परंतु दशांश चिन्हापुढे शून्यांची रांग असलेल्या संख्या घेऊन आलेख काढणे त्रासाचे होते. म्हणून १९०९ मध्ये त्यांनी संहती १० च्या घातात लिहून त्या घातांकाचे उणे चिन्ह काढून टाकण्याची पद्धत सुचवली. तीच मराठीत सामू, व्यवहारात पीएच, म्हणून ओळखली जाते. गणिती भाषेत सामू म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीचा १० या पायाचा उणे लॉगरिदम. आणि लॉगरिदम म्हणजे १० चा कितवा घात केला असता ती संख्या मिळते, याचे उत्तर. शुद्ध पाण्याचा सामू ७ आला तो असा.

तीव्र आम्लाच्या बाबतीत आकडेमोड सरळ असते. हायड्रोक्लोरिक आम्लाचे पाण्यात जवळजवळ पूर्ण विचरण होत असल्यामुळे लिटरमागे ०.०१ मोल आम्ल घातले तर हायड्रोजन आयनही ०.०१ मोल मिळतात आणि सामू २ येतो. संहती १० चा नेमका घात नसली तरी अडत नाही, कारण २ चा लॉगरिदम सुमारे ०.३ आहे एवढे ध्यानात ठेवले की बरेच काम भागते: ०.०२ मोलचा सामू २ मधून ०.३ वजा करून १.७ येतो. सामू ०.३ ने घटला की संहती दुप्पट झाली आणि १ ने घटला की दहापट झाली, हा एवढाच आडाखा पुरेसा आहे.

सौम्य आम्लाच्या बाबतीत मात्र थोडे थांबावे लागते. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लाचे विचरण अपुरे होते आणि ते किती होते हे त्याच्या विचरण स्थिरांकावरून, म्हणजे २५ अंशांना ०.००००१८ या संख्येवरून, काढता येते. लिटरमागे ०.१ मोल आम्ल असेल तर आम्लाची संहती आणि हा स्थिरांक यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घ्यावे. ते सुमारे ०.००१३४ येते आणि सामू २.८७ होतो. हजारातील जेमतेम १३ रेणूंचे विचरण झालेले असते. तेवढ्याच संहतीच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १ असतो, म्हणजे त्यात हायड्रोजन आयन सुमारे ७५ पट अधिक असतात. तरीही दोन्ही आम्लांचे उदासिनीकरण करण्यास कॉस्टिक सोडा सारखाच लागतो, कारण मोकळे आयन खर्ची पडू लागले की ॲसेटिक आम्लाचे उरलेले रेणू विचरण पावत राहतात. सामू मोकळ्या आयनांचा हिशेब देतो, आम्लाच्या एकूण साठ्याचा नव्हे, आणि या विषयात होणारे बहुतेक घोटाळे हा भेद विसरल्यामुळेच होतात.

काही सूत्रे यांत्रिकपणे वापरणाऱ्याला फसवतात. हायड्रोक्लोरिक आम्ल इतके पातळ केले की ते लिटरमागे १० चा उणे ८ वा घात एवढे मोलच उरले, तर सूत्राप्रमाणे सामू ८ यायला हवा. परंतु आम्ल घालून पाणी आम्लारिधर्मी होईल, हे अशक्य आहे. येथे पाण्याचे स्वतःचे आयनही हिशेबात धरावे लागतात आणि ते धरल्यावर उत्तर ६.९८ येते. सरासरीचेही तसेच आहे. सामू ३ आणि सामू ५ असलेली तीव्र आम्लांची दोन द्रावणे समप्रमाणात मिसळली तर मिश्रणाचा सामू ४ नव्हे, तर सुमारे ३.३ असतो, आधी संहतींची सरासरी काढून मगच लॉगरिदम घ्यावा लागतो. तापमानाकडेही दुर्लक्ष करून चालत नाही, कारण उष्णतेने पाण्याचे विचरण वाढते आणि ३७ अंशांना उदासीन पाण्याचा सामू ७ नसून सुमारे ६.८ असतो.

लहान आकड्यात केवढा फरक दडलेला असतो, हे मानवी रक्तावरून उत्तम कळते. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान राहतो, ७.४ ला हायड्रोजन आयन लिटरमागे सुमारे ४० अब्जांश मोल असतात. सामू ७.१ वर आला तर आकडा अवघ्या ०.३ ने उतरलेला दिसतो, पण आयन दुप्पट होऊन ८० वर गेलेले असतात आणि ही स्थिती गंभीर मानली जाते.

मोजणीचे खात्रीचे साधन मात्र लिंबामुळे आले. कॅलिफोर्नियातील फळबागायतदारांच्या प्रयोगशाळेत लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती, परंतु रसात घातलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे लिटमसचा रंग भरवशाचा राहत नसे. तेव्हा अर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये काचेचा इलेक्ट्रोड आणि व्हॅक्यूम ट्यूबचे विवर्धक एकत्र आणून आम्लता मोजणारे उपकरण तयार केले. आजच्या सामूमापकांची परंपरा तेथून सुरू होते.

महाराष्ट्रात हा आकडा सर्वाधिक वाचला जातो तो बहुधा माती परीक्षणाच्या पत्रिकेत. कोकणातील जांभ्याची माती बहुतांशी आम्लधर्मी, तर दख्खनच्या पठारावरील चुनखडीयुक्त काळी माती आम्लारिधर्मी असते. आम्लधर्मी जमिनीत चुना किती घालावा, हे केवळ सामू पाहून ठरवता येत नाही, कारण सारखाच सामू असलेल्या दोन जमिनींपैकी चिकणमातीचे आणि सेंद्रिय पदार्थांचे प्रमाण जास्त असलेली जमीन हायड्रोजन आणि ॲल्युमिनियमचे आयन आपल्या कणांवर अधिक धरून ठेवते आणि वाळूसरट जमिनीपेक्षा तिला चुना अधिक लागतो.