पाऊण एकर, पाऊण तास आणि अंशछेदांची काटाकाट

सहावीच्या वर्गात फळ्यावर १२/१६ हा अपूर्णांक लिहावा आणि तो अतिसंक्षिप्त रूपात मांडायला सांगावे. बरीच मुले अंशाला आणि छेदाला चारने भागतील, जुने अंक काटतील आणि ३/४ असे उत्तर देतील. उत्तर बरोबर आहे. आता लगेच दुसरा प्रश्न विचारावा : ‘‘या दोहोंपैकी मोठा अपूर्णांक कोणता?’’ काही हात तरी १२/१६ च्या बाजूने वर येतील. कारण विचारले, की मुले म्हणतात, ‘‘संक्षिप्त केला म्हणजे लहानच झाला ना, सर!’’

यात मुलांचा फारसा दोष नाही. भाषेच्या तासाला गोष्टीचा संक्षेप केला, की ती लहान होते. मग गणिताच्या तासाला ‘संक्षिप्त’ चा अर्थ अचानक वेगळा कसा होईल? वर-खाली काटण्याची रीत मुलांच्या हाताला येते, पण काटताना काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे सांगायचे राहून जाते.

घरात चालणारा संक्षेप

खरे म्हणजे ही कल्पना मुलांना घरूनच ठाऊक असते. नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही गावात विचारा. एकराचे गुंठे चाळीस. त्यांतले तीस गुंठे म्हणजे पाऊण एकर. तासाची मिनिटे साठ. त्यांतली पंचेचाळीस म्हणजे पाऊण तास. जुन्या रुपयाचे आणे सोळा. त्यांतले बारा म्हणजे पाऊण रुपया, आणि आजच्या रुपयातले पंचाहत्तर पैसे म्हणजेही पाऊण रुपया. हे फळ्यावर एकाखाली एक लिहावे :

३०/४०, ४५/६०, १२/१६, ७५/१००.

चार अपूर्णांकांचे अंक वेगळे, मोजण्याच्या वस्तू वेगळ्या. पण मराठीने चौघांना एकच नाव दिले आहे, ‘पाऊण’. हे नाव म्हणजेच ३/४. पाव, निम्मे आणि पाऊण हे शब्द अपूर्णांकांची अतिसंक्षिप्त रूपेच आहेत. पूर्वी शाळेत म्हणून घेत ती पावकी, निमकी, पाऊणकी हे त्यांचेच पाढे.

आता अर्थाकडे वळू. एका भाकरीचे सारखे सोळा तुकडे केले आणि त्यांतले बारा खाल्ले. दुसऱ्या तशाच भाकरीच्या चार चतकोर केल्या आणि तीन खाल्ल्या. पोट सारखेच भरले. सोळा तुकड्यांपैकी चार-चार तुकडे एकत्र ठेवले, की एक-एक चतकोर होते, म्हणून बारा तुकड्यांच्या तीन चतकोर झाल्या. तुकडा चौपट मोठा झाला, तुकड्यांची संख्या चौथाई झाली. संक्षेपात घडते ते एवढेच. अंकांत लिहायचे तर १२/१६ = (३ × ४)/(४ × ४) = ३/४ × ४/४. यातील ४/४ म्हणजे १, आणि एकाने गुणले किंवा भागले तरी किंमत बदलत नाही. आपण ‘काटतो’ तो हा एक.

नुसते अंक काटले तर

हे न समजता काटण्याची सवय लागली, की काय होते पाहा. १६/६४ मध्ये एखाद्या मुलाने वरचा सहा आणि खालचा सहा काटला, तर उरते १/४. उत्तर बरोबर, रीत साफ चुकीची! तीच रीत १३/३९ ला लावली तर १/९ मिळते. खरी किंमत १/३ आहे. दोन अंकी अंशछेदांच्या अपूर्णांकांत, अंश छेदापेक्षा लहान धरून आणि शून्ये काटणे सोडून, ही चूक फक्त चार ठिकाणी फळते : १६/६४, १९/९५, २६/६५ आणि ४९/९८. फळ्यावर यांतले एखादे उदाहरण द्यावे आणि ‘‘ही रीत नेहमी चालेल का?’’ असे विचारावे. मुले ते तपासण्यात तास रंगवतात.

दुसरी चूक अधिक महाग पडते. (५ + ३)/(५ + ७) यातील पाच काटून मुले ३/७ लिहितात. खरे उत्तर ८/१२, म्हणजे २/३. पाच हा इथे गुणक नाही, बेरजेतला एक भाग आहे, म्हणून तो काटता येत नाही. सहावीत हे स्पष्ट झाले नाही, तर बीजगणितात अंकांच्या जागी अक्षरे आल्यावर हीच चूक पुन्हा होते. मग मुलाला वाटू लागते, की गणितात काय चालते आणि काय चालत नाही, हे मास्तरांच्या मर्जीवर आहे. तिथून पुढे मूल गणित पाठ करते, समजून घेत नाही.

सामाईक विभाजक दिसला नाही तर

२२१/२९९ हा अपूर्णांक घ्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा यांपैकी कशानेच दोन्ही संख्यांना भाग जात नाही. पुष्कळ मुले इथे थांबतात. अशा वेळी वजाबाकी मदतीला येते. धान्याचे दोन ढीग एकाच मापाने पुरते मोजले जात असतील, तर त्या ढिगांतला फरकही त्याच मापाने पुरता मोजला जाईल. म्हणून २९९ मधून २२१ वजा करू, उरले ७८. २२१ ला ७८ ने भागले तर बाकी ६५. ७८ ला ६५ ने भागले तर बाकी १३. ६५ ला १३ ने भागले तर बाकी शून्य. महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे मसावि, १३. दोन्हींना १३ ने भागून उत्तर आले १७/२३.

अंश-छेदांच्या या भागाकाराला जुन्या भारतीय गणितात ‘अपवर्तन’ म्हणत. तत्त्वार्थाधिगमसूत्रावरील भाष्यात हे गणित दृष्टान्त म्हणून आले आहे : कुशल गणिती क्रिया सोपी करण्यासाठी सामाईक गुणक काढून टाकतो, पण त्यामुळे किमतीत फरक पडत नाही. आपल्या सहावीच्या प्रश्नाचे उत्तर इतके जुने आहे. पुढे इ. स. ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात अपूर्णांकांना स्वतंत्र प्रकरण आहे, आणि छेद समान करण्यासाठी लसावि वापरण्याची रीतही आहे; लसाविला त्यांचा शब्द ‘निरुद्ध’. या ग्रंथात ज्याची स्तुती आहे तो राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष स्वतःला लट्टलूर नगरीचा स्वामी म्हणवीत असे. हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे अनेक अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातले कंधार हेही राष्ट्रकूटांच्या काळातले महत्त्वाचे नगर.

संक्षेप कशासाठी?

उत्तरपत्रिकेत गुण मिळावेत एवढ्यासाठी संक्षेप नसतो. झाकलेले नाते तो उघडे करतो. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली, तेव्हा सोळा आण्यांचे शंभर पैसे झाले. १००/१६ चा संक्षेप २५/४. म्हणजे चार आण्यांचे बरोबर पंचवीस पैसे. तीन आण्यांचा मात्र हिशेब पुरता जुळत नाही, पावणेएकोणीस पैसे येतात. चार आणे, आठ आणे, बारा आणे हे शब्द नव्या नाण्यांबरोबर बोलण्यात टिकले, त्याचे एक कारण इथे सापडते. पिकाची जुनी आठ आणे आणेवारी आणि नंतरची पन्नास पैसे पैसेवारी, दोन्हींचा अर्थ १/२ च.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुमारे पंचवीस लाख लिटर घेऊन आली. १०/५० आणि ५/२५ दोन्ही १/५ होतात. वाघिणी मोजा की लिटर, नाते एकच.

पण संक्षेपात काही हरवतेही, हे मोठ्या मुलांना अवश्य सांगावे. सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन, किंवा सोयाबीनच्या दोन आणि तुरीची एक, दोन्हीकडे तुरीच्या ओळी १/३ च. तरी शेतात ही मांडणी एकसारखी नाही. अपूर्णांक वाटा सांगतो, मांडणी सांगत नाही.

म्हणून संक्षेपाचे प्रत्येक उदाहरण सोडवून झाले, की मुलांना दोन प्रश्न विचारावेत : काय बदलले? काय तसेच राहिले? पहिल्याचे उत्तर तुकड्यांचा आकार आणि त्यांची संख्या. दुसऱ्याचे उत्तर भाकरीतला वाटा. ही दोन उत्तरे मुलाच्या तोंडून आली, की मग खुशाल काटू द्यावे.