काळी माती का भेगाळते?

उन्हाळ्यात रोहिणखेडच्या शिवारातली काळी माती भेगाळते, त्यात पिकांची मुळं तुटतात. पाऊस पडला की तीच माती फुगते. गारगोटीला मात्र पाण्याचं काही सोयरसुतक नसतं. गंमत अशी, की दोन्हींत मुख्यतः सिलिकॉन आणि ऑक्सिजनच आहेत! मग फरक कशामुळे?

सिलिकॉनच्या बाह्य कक्षेत ४ इलेक्ट्रॉन असतात. म्हणून त्याचा अणू जणू चार हातांनी ४ ऑक्सिजन अणूंना धरतो. गारगोटीत ही साखळी चहूबाजूंनी घट्ट गुंफलेली असते. पाणी शिरायला फटच नाही.

बुलढाणा जिल्ह्यातला बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या मातीत मात्र सिलिकॉन-ऑक्सिजनचे पापुद्रे असतात, वहीच्या पानांसारखे. पानांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आक्रसते.

वर्गात करून पाहा. एका बशीत काळ्या मातीचा चिखल, दुसरीत ओली वाळू सपाट थापून उन्हात ठेवा. दोन दिवसांनी कोणती बशीच्या कडेपासून सुटली? मूलद्रव्यं तीच, पण अणूंची बांधणी वेगळी, हे मुलांनाच सांगू द्या.