शून्याचे साडेबारा टक्के

नवी मुंबईच्या विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, या मागणीच्या बाजूने मी पहिल्यापासून आहे. हे आरंभीच सांगतो. कारण पुढचे वाचून कोणी मला विरोधकांच्या पंगतीला बसवू नये. १० जून २०२१ च्या मानवी साखळीत मी उभा होतो. परंतु चळवळीत राहून चळवळीलाच प्रश्न विचारणे, ही बाबासाहेबांनी आपल्याला लावलेली शिस्त आहे. ती सोडली की चळवळीचा उत्सव होतो.

मी कर्नाळ्याच्या पायथ्याला राहतो. येथून थोड्या अंतरावर एक कातकरीवाडी आहे. मोर्च्याला माणसे येतील का, हे विचारायला मी तेथे गेलो होतो. एका म्हातारीने विचारले, "मास्तर, त्या नावात आमचा वाटा काय?" मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या न दिलेल्या उत्तराची मांडणी आहे.

आधी इतिहास थोडक्यात पाहू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. कवडीमोल भाव मिळत होता. त्याविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. जमीन जाते त्याला विकासात भागीदार करा, हा विचार त्या काळी क्रांतिकारक होता. ज्याने तो दिला, त्याचे नाव विमानतळाला मागणे सर्वस्वी न्याय्य आहे.

मग मोहीम अडखळली का? २०२२ साली विधिमंडळाने नावाचा ठराव केला. तरीही ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले ते त्या नावाविना. आपले कार्यकर्ते याचा सारा दोष दिल्लीला देतात. दिल्लीचा दोष आहेच. पण आपली ताकद जेवढी असायला हवी होती तेवढी होती का, हाही प्रश्न आहे. माझे उत्तर असे की, आपण आपली माणसे सातबाऱ्यावरून मोजली.

'प्रकल्पग्रस्त' हा शब्दच पाहा. आपल्या सभांत तो जमीनमालक या अर्थाने येतो. ज्याची एक हेक्टर गेली त्याचे साडेबारा टक्के म्हणजे साडेबाराशे चौरस मीटर. ज्याची काहीच गेली नाही, पण त्याच शेतात लावणी-कापणी करून आणि त्याच खाडीकाठच्या मिठागरात मीठ ओढून ज्याचे घर चालत होते, त्याचे काय? शून्याचे साडेबारा टक्के शून्यच. पुढे भूमिहीन, बलुतेदार आणि मिठागर कामगारांसाठीही लहान भूखंडाची तरतूद आली. पण ती शेपटासारखी मागून आली आणि तिच्यासाठी फारसे कोणी झगडले नाही. माझी आजी मिठागरावर राबली. तिच्या नावाचा अर्ज घेऊन वडील एका कार्यालयात गेले, तेव्हा त्यांना मजूर असल्याचा कागद मागण्यात आला. मिठाने फाटलेले तळपाय हा काही कागद नव्हे. अर्ज परत आला. त्या वेळी आमच्याबरोबर चळवळीतले कोणी नव्हते, हे मी राग म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहितो.

विमानतळाच्या वेळी साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज ठरले. तेथेही मुख्य मोजणी जमिनीची आणि बांधलेल्या घराची होती. नवल असे की, कायदा या बाबतीत आपल्या पुढे गेला आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंबा'च्या व्याख्येत भूमिहीन शेतमजूर, कूळ, वाटेकरी आणि कारागीर यांनाही धरले आहे. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम आणि त्यावर मुख्य उपजीविका, एवढी अट आहे. म्हणजे सरकारचा कायदा ज्याला बाधित म्हणतो, त्याला आपली चळवळ अजून प्रेक्षक समजते.

कातकऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आपल्या सभा, सर्वेक्षणे, याद्या नेमक्या त्याच महिन्यांत होतात. मग 'आदिवासी येत नाहीत' अशी तक्रार आपण करतो. त्यांच्या सवडीचा दिवस आपण कधी विचारला?

असे होण्याचे कारण नाही. याच जिल्ह्याची परंपरा निराळी आहे. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला. त्याचे नेते नारायण नागू पाटील यांच्या पाठीशी बाबासाहेब उभे राहिले. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करणारे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. तेथे आगरी, कुणबी, महार असे वेगळे झेंडे नव्हते. खोताविरुद्धची एक रांग होती. ती रांग पुढे आपणच जातवार तोडली.

नावाच्या लढ्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नाव लागले १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही विस्तार होऊन. मधल्या काळात घरे जळाली, माणसे मारली गेली. नाव मिळाले, पण जळालेल्या वस्त्यांतील भूमिहीनांच्या पोटाच्या प्रश्नाला नावाइतका आवाज मिळाला नाही. ही चूक आपण ओळखतो. म्हणूनच मित्राला ती सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे.

माझ्या सूचना साध्या आहेत. गावोगाव भूमिहीन बाधितांची यादी चळवळीने स्वतः करावी. शिधापत्रिका, मतदारयादी, शाळेचा दाखला आणि शेजाऱ्यांची साक्ष जमवावी. हे काम पावसाळ्यात करावे, म्हणजे वाडी घरी सापडेल. समितीत बौद्धवाड्यातील आणि कातकरीवाडीतील स्त्रियांना निर्णयाचा अधिकार असावा, केवळ स्वागताची खुर्ची नव्हे. जमलेल्या पैशांचा हिशेब गावाच्या सभेत वाचावा. आणि नावाच्या मागणीच्या शेजारीच, तिच्या खाली नव्हे, भूमिहीनांच्या पुनर्वसनाची मागणी लिहावी.

काही मित्र म्हणतील, ही वेळ फूट पाडण्याची नव्हे. फूट आधीच पडलेली आहे. मी फक्त तिच्याकडे बोट दाखवतो आहे. नाव लागले तरी ती उरणार आहे. दि. बां.नी 'जमीन जाते त्याला भागीदार करा' असे म्हटले. त्यांच्या अनुयायांनी आता 'राबणे जाते त्यालाही' हे तीन शब्द जोडावेत. मग मी पुन्हा वाडीवर जाईन, आणि त्या म्हातारीला उत्तर देऊ शकेन.