पाण्यांतील हायड्रोजन आणि चांद्याचें लोखंड

चांद्याच्या जंगलांत लोखंडाचा दगड विपुल आहे, ही गोष्ट नवी नाहीं. १८८२ सालीं या जिल्ह्यांतील लोहधंद्याविषयीं एका जर्मन भूशास्त्रज्ञानें लिहिलेला अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनांत आला. लोहारा येथें उत्तम खनिज आणि त्याच जिल्ह्यांत वरोऱ्यास कोळसा, असा हा योग होता. परंतु जर्मनींत परीक्षा होतां वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामास अयोग्य ठरला, आणि टाटांचा कारखाना अखेर दूर साकचीस उभा राहिला. उणीव होती ती खनिजाची नव्हे, तर त्यांतून लोखंड मोकळें करणाऱ्या साधनाची.

लोखंडाचा दगड म्हणजे लोखंड व प्राणवायु यांचा संयोग. भट्टींतील कोळसा हा प्राणवायु ओढून घेतो व कार्बनचा धूर होऊन आकाशांत जातो. हेंच काम हायड्रोजनहि करतो. मात्र त्याची वाफ, म्हणजे पुन्हां पाणीच होतें. स्वीडनमधील लुलिओ येथें २०२१ सालीं या रीतीनें प्रायोगिक प्रमाणावर लोखंड काढण्यांत आलें. एक टन लोखंडास हिशेबानें सुमारें ५४ किलो हायड्रोजन पुरतो. प्रश्न एवढाच, कीं तो स्वस्तांत मिळावा कसा?

१८०० सालीं निकल्सन व कार्लाइल या इंग्रज शास्त्रज्ञांनीं विजेच्या प्रवाहानें पाण्याचें पृथक्करण करून दाखविलें. पाण्यांत बुडविलेल्या दोन पत्र्यांपैकीं ऋण पत्र्यावर हायड्रोजन व धन पत्र्यावर प्राणवायु निघतो. शास्त्राच्या हिशेबानें यास किमान १.२३ व्होल्ट दाब हवा, प्रत्यक्षांत १.८ व्होल्टच्या आसपास लागतो. जादा दाबाचा कांहीं भाग द्रवाच्या रोधांत जातो, व पुष्कळसा पत्र्यांच्या पृष्ठभागावरील क्रिया रेटण्यांत खर्चतो. हा दुसरा खर्च कमी करणाऱ्या, पण स्वतः न खर्चणाऱ्या पदार्थास उत्प्रेरक म्हणतात.

हायड्रोजनचे अणु प्रथम धातूस चिकटतात, मग जोडीनें सुटतात. धातूनें त्यांस फार घट्ट धरलें तर ते सुटत नाहींत. फार सैल धरलें तर चिकटतच नाहींत. प्लॅटिनमची पकड बेताची असते, पण तो दुर्मिळ व महाग. येथें मिश्रधातु उपयोगी पडतो. पितळ जसें तांब्याहून व जस्ताहून निराळें, तसा निकेल व मॉलिब्डेनम यांचा मिश्रधातु दोहोंहून निराळा असून अल्कलीच्या द्रवांत त्याचें काम प्लॅटिनमच्या जवळपास जातें.

प्राणवायूची बाजू अधिक अवघड. शुद्ध निकेलच्या पत्र्यावर ही क्रिया रेंगाळते. परंतु अशुद्धि म्हणून शिरलेलें अत्यल्प लोखंडहि तिला वेग देतें, असें अमेरिकेंतील कॉरिगन यांनीं १९८७ सालीं दाखविलें. तेव्हांपासून निकेल-लोखंडाची जोडी या कामीं प्रमुख मानली जाते. लोखंड मोकळें करणारा हायड्रोजन मिळविण्यास लोखंडच मदत करतें!

या जोडीनें एक दशांश व्होल्ट जरी वांचला, तरी किलोमागें सुमारें २.७ युनिट वीज वांचते. टनभर लोखंडास लागणाऱ्या हायड्रोजनची वीज १.८ व्होल्टला सुमारें २६०० युनिट होते. तींत १४५ युनिटांची ही बचत लहान नव्हे.

परंतु ही वीज कोठून यावयाची? चंद्रपूरचें २९२० मेगावॅटचें केंद्र कोळशावर चालतें. त्याच विजेनें पाणी फोडल्यास धूर भट्टींतून निघून केवळ विजेच्या धुराड्यांत जाईल. जानेवारी १९२३ नव्हे, तर २०२३ मध्यें मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन योजनेंत म्हणूनच सूर्य व वारा यांच्या विजेवर भर आहे.

दुसरा प्रश्न टेकडीचा आहे. चांद्यांतून १९८२ सालीं वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांतील सुरजागड येथें लोहखनिजाची खाण चालते. त्याच डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकुरदेव आहे. डोंगर कितपत खोदावा, याचें उत्तर कोणताहि उत्प्रेरक देणार नाहीं. तें तेथील ग्रामसभांना विचारूनच ठरवावें लागेल. धुराचा प्रश्न मात्र निकेल व लोखंडाच्या पातळ थरावर पुष्कळसा अवलंबून आहे.