सव्वाआठ लाख एकर रान अन् एकच घराणं : टेक्सासच्या किंग रँचची गोष्ट

वाटण्या झाल्या की पाच एकराचं सव्वा एकर होतं, हे आपल्याकडं घरोघरी दिसतं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात मात्र एकाच घराण्यानं गुरांचं रान दीडशेहून जास्त वर्षं राखलंय. नाव किंग रँच, क्षेत्र सुमारे ८ लाख २५ हजार एकर.

१८५३ साली रिचर्ड किंग या आगबोटीच्या कप्तानानं १५,५०० एकर माळरान ३०० डॉलरला घेतलं. १८८५ ला तो वारला, तेव्हा बायको हेन्रिएटाच्या डोक्यावर सुमारे ५ लाख डॉलरचं कर्ज होतं. तिनं जावई रॉबर्ट क्लेबर्ग यांच्या हाती कारभार दिला, कर्ज फेडलं अन् रान वाढवलं.

विलायती शॉर्टहॉर्न गुरं तिथल्या उन्हात अन् गोचिडात टिकत नव्हती. म्हणून ब्राह्मण गुरांशी संकर केला. ही ब्राह्मण जात आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोल अन् कृष्णाकाठच्या वशिंडाच्या गुरांपासून अमेरिकेत तयार झालेली! या संकरातून 'सांता गर्ट्रुडिस' जात आली. १९४० मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली.

१९२५ ला हेन्रिएटा वारल्या. वारसांत वाटणी झालीच. पण मुख्य रान क्लेबर्ग घराकडं राहिलं. त्याचे पुन्हा तुकडे पडू नयेत म्हणून पुढच्या दशकात कंपनी काढली. वारसांना जमिनीऐवजी शेअर मिळाले.

आपलं रान लहान, कायदे वेगळे. पण सातबाऱ्यावर नावं वेगळी झाली तरी विहीर, औजारं अन् गोठा भावाभावांत एकत्र ठेवता येतो. ते बोलणं वडीलधारे हयात असतानाच व्हावं.