बॉस तुम्हाला ‘मर्क्युरिअल’ म्हणाला तर खूश व्हायचं की नाराज? जाणून घ्या अर्थ

पहिल्या नोकरीत वर्षअखेरच्या आढाव्यात वरिष्ठांनी माझ्याबद्दल एक शब्द लिहिला होता, ‘मर्क्युरिअल’. मी इंजिनीअर, त्यामुळे मर्क्युरी म्हणजे पारा एवढंच ठाऊक. पारा चपळ, म्हणजे मीही चपळ, असं समजून खूश झालो. पगारवाढीचा आकडा पाहिल्यावर मात्र डिक्शनरी उघडली.

अर्थ काय?
ज्याचा मूड कधी बदलेल याचा नेम नाही, तो मर्क्युरिअल. घटकेत उत्साह, घटकेत चिडचिड. मराठीत जवळचा शब्द ‘लहरी’. पण मर्क्युरिअलमध्ये हुशारी आणि चपळाईची छटाही आहे. म्हणजे माझा अंदाज अर्धा बरोबर होता!

शब्द आला कुठून?
मर्क्युरी हा रोमन लोकांचा देव. देवांचा निरोप्या, पायात पंखांच्या चपला. आकाशात भरभर जागा बदलणाऱ्या बुध ग्रहाला त्याचं नाव मिळालं. बुधाची सूर्याभोवतीची फेरी ८८ दिवसांतच पूर्ण होते. चिमटीत न सापडणाऱ्या पाऱ्यालाही पुढे हेच नाव पडलं. बुधाच्या प्रभावाखाली जन्मलेली माणसं हुशार, बोलकी आणि चंचल असतात, असं युरोपातले ज्योतिषी मानत. तिथून हे विशेषण माणसांना चिकटलं.

‘मूडी’पेक्षा वेगळा कसा?
आपण कुठल्याही लहरी माणसाला ‘मूडी’ म्हणतो. इंग्रजीत मूडी म्हटलं की बहुतेकदा तोंड पाडून बसणारा, घुम्या माणूस डोळ्यांसमोर येतो. मर्क्युरिअल माणूस कधी कोमेजेल सांगता येत नाही, तसा कधी चमकेल हेही सांगता येत नाही.

वापर कुठे?
क्रिकेटच्या इंग्रजी बातम्यांत पाकिस्तानच्या संघाला हे विशेषण हमखास लागतं. १९९२च्या वर्ल्ड कपमध्ये हा संघ इंग्लंडसमोर ७४ धावांत गारद झाला, पाऊस आला म्हणून एक गुण मिळाला. त्याच महिन्यात फायनलमध्ये त्याच इंग्लंडला हरवून कप जिंकला!

लक्षात ठेवा
सहकाऱ्याबद्दल लेखी शेरा देताना हा शब्द जपून वापरा. लिहिणाऱ्याच्या मनात ‘हुशार’ असलं, तरी वाचणारा ‘भरवशाचा नाही’ असंच वाचतो. कोणी बरेच दिवस गप्प, उदास असेल, तर त्याला मूडी किंवा मर्क्युरिअल ठरवण्याआधी एकदा विचारा, “बरा आहेस ना?”